श्रमशिबिराचे बारा दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी गेल्या महिन्यात आम्हांस एक छापील तक्ता पाठविला. वार्षिक अहवालात प्रत्येक उपक्रमासाठी एकेक ओळ राखून ठेवण्याचा आपला प्रघात आहे. विद्यार्थी साहाय्यक निधीपुढे रक्कम, वाचनालयापुढे ग्रंथसंख्या, वधूवर मेळाव्यापुढे नोंदणी, आणि ‘उन्हाळी वनश्रमशिबिर’ या मथळ्यापुढे एकच प्रश्न होता : एकूण लावलेली झाडे किती? ही एक ओळ भरावयास आम्ही तीन आठवडे घेतले, आणि अखेर ती कोरीच ठेवून तक्ता परत पाठविला. चिटणीस आमचे जुने स्नेही. ते रागावले नाहीत. ‘एका ओळीत मावत नसेल तर अर्धा तास घ्या आणि सर्वांसमोर सांगा,’ असे म्हणून त्यांनी आम्हांस आज येथे उभे केले आहे. तेव्हा हे भाषण म्हणजे त्या कोऱ्या ओळीचा जबाब आहे, असे समजावे.

आम्ही वनशास्त्राचे पंडित नव्हे. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकविले, निवृत्त झालो, आणि मंडळाने सतरा ते तेवीस वर्षे वयाच्या मुलामुलींची एक तुकडी उन्हाळ्यात डोंगरावर कामास न्यावी असे ठरविले, तेव्हा मोकळा माणूस म्हणून ही जबाबदारी आमच्याकडे आली. मे २०२२ पासून मे २०२५ पर्यंत अशी चार शिबिरे झाली. प्रत्येक शिबिर बारा दिवसांचे. या चार उन्हाळ्यांत आमच्या हातून काय घडले आणि काय चुकले, हे आपल्यापुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे. कारण पैसा मंडळाचा होता आणि मुले आपली होती.

असे उपक्रम आपल्या देशात नवे नाहीत. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा झाडे लावण्याचा म्हणून आपण ओळखतो. १९६७ साली बाबा आमटे यांनी चंद्रपूर भागातील सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयांतील मुले कुदळ-फावडे घेऊन खेड्यांत जाऊ लागली. अलीकडे, २०१६ ते २०१९ या काळात, पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने ऐन एप्रिल-मे महिन्यांत गावेच्या गावे डोंगरावर आणली.

परदेशातील एका उदाहरणाचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. १९३३ साली, जगभर मंदी असताना, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे एक वनसेवादल उभे केले. ते १९४२ पर्यंत चालले. त्या अवधीत सुमारे तीस लाख तरुण त्यात दाखल झाले आणि त्यांनी तीनशे कोटींच्या आसपास झाडे लावली असे सांगतात. या मोठ्या आकड्याचा आम्हांस प्रथम मोह पडला. पुढे जेव्हा त्या दलाची व्यवस्था वाचली, तेव्हा दुसऱ्याच गोष्टींनी लक्ष वेधले. एकेका तरुणाची भरती सहा सहा महिन्यांची असे. त्याला राहण्याची व जेवणाची सोय होती. महिन्याला तीस डॉलर मिळत, आणि त्यांतील पंचवीस परस्पर त्याच्या घरी जात. लावण्याबरोबरच वणवे विझविणे आणि धूप थांबविणे हीही त्याचीच कामे होती. म्हणजे तेथे झाडामागे माणूस होता, आणि तो पुष्कळ काळ होता. आमच्या शिबिराचे दिवस बारा. वर्षाचे उरलेले तीनशे त्रेपन्न दिवस त्या डोंगरावर आमच्यापैकी कोणीही नसते. आज जे काही आम्ही सांगणार आहोत ते सारे या एका वजाबाकीतून निघालेले आहे. आयुष्यभर वजाबाकी शिकविणाऱ्या माणसास ती दिसावयास दोन उन्हाळे लागले, ही मात्र लाजेची गोष्ट होय.

आमचे काम सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माण तालुक्यातील एका लहान गावी चालते. गावाचे नाव येथे घेत नाही, कारण तेथील लोकांना प्रसिद्धीचा सोस नाही. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेस येईतो रिते झालेले असतात, आणि माणदेशाच्या वाट्यास पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही कमी पाऊस येतो. तोही चार-दोन जोरदार सरींत पडतो, उघड्या डोंगरावरून माती घेऊन धावतो आणि ओढ्याला मिळतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेथील वृद्ध अजून सांगतात; २०१२-१३ साली जनावरांच्या छावण्या पडल्या, त्या तर तेथील तरुणांनीही पाहिल्या आहेत. अशा ठिकाणी उन्हाळ्यात झाडे लावता येत नाहीत. उन्हाळ्यात करावयाचे असते ते पावसाचे स्वागत : माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळीत चर खणावयाचे आणि रोपांसाठी खड्डे काढून ते उन्हात तापू द्यावयाचे. दोन फूट रुंद, एक फूट खोल असा चर दहा मीटर लांब खणला, तर तो एका वेळी सुमारे अठराशे लिटर पाणी अडवितो. मुलांना हे गणित आम्ही पहिल्याच संध्याकाळी करावयास लावतो. आपण उचललेल्या घमेल्यांचा काही उपयोग आहे हे हिशेबाने कळले, म्हणजे दुसऱ्या दिवशी टिकाव जरा हलका लागतो.

आता पहिल्या उन्हाळ्याविषयी. येथे आम्हांस स्वतःच्या चुकीची कबुली द्यावयाची आहे.

२०२२ च्या मे महिन्यात बावीस मुले-मुली घेऊन आम्ही निघालो. अहवालात घालण्याजोगा आकडा आणावा अशी आमची ईर्षा होती. तीनशे खड्डे आणि जमतील तितके चर, असा संकल्प आम्ही फळ्यावर लिहिला. दोन तुकड्या केल्या, त्यांच्यात पैज लावली, आणि रोज संध्याकाळी दोन्हींचे आकडे वाचून दाखवू लागलो. मुलांना चेव आला. सकाळी सहाला सुरू झालेले काम दहाला थांबवावे असे गावातील जाणत्यांनी सांगितले होते. आम्ही ते अकरापर्यंत, मग साडेअकरापर्यंत नेले. पाचव्या दिवशी, पावणेबाराच्या सुमारास, एक मुलगा फावडे टाकून खाली बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता, अंगावर घामाचा थेंब नव्हता, आणि तो असंबद्ध बोलत होता.

आमच्या तुकडीत परिचर्येचे शिक्षण घेणारी एक मुलगी होती, हे आपले नशीब. तिने आम्हांस विचारण्यात वेळ दवडला नाही. त्याला बाभळीच्या सावलीत नेले, कपडे सैल केले, पिण्यासाठी आणलेल्या कळशा त्याच्या अंगावर ओतल्या, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली आणि चार जणांना उपरण्यांनी वारा घालावयास सांगितले. कोणी त्याच्या तोंडात पाणी घालू लागला, त्याला तिने अडविले. शुद्धीवर नसलेल्यास पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. एकशे आठ क्रमांकावर निरोप गेला. परंतु गाडी येण्याची वाट न पाहता गावातील एका जीपमधून त्याला निम्म्या वाटेपर्यंत नेले आणि तेथे रुग्णवाहिकेत घातले. दोन दिवसांनी तो हिंडू-फिरू लागला. डॉक्टरांनी आम्हांस बाजूस घेऊन एवढेच सांगितले की, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर त्यांना काही निश्चित सांगता आले नसते.

त्या रात्री आम्ही मुलाच्या आईस दूरध्वनी केला. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, ‘गुरुजी, त्याला घरी पाठवा असं मी म्हणत नाही. कामाला आला आहे, काम करू दे. पण तुमच्या पैजेत त्याला घालू नका.’ ती माउली आज या सभागृहात बसली आहे. तिचे ते वाक्य आम्ही दुसऱ्या दिवशी सर्व मुलांसमोर जसेच्या तसे सांगितले आणि फळ्यावरचा आकडा पुसून टाकला.

तेव्हापासून शिबिराचे काही नियम झाले. तरुणांची तुकडी नेणाऱ्या कोणासही ते उपयोगी पडावेत म्हणून येथे सांगतो. काम पहाटे साडेपाचला सुरू होते आणि दहाला थांबते. पुन्हा डोंगरावर जावयाचे ते सायंकाळी पाचनंतर. दर अर्ध्या तासास शिटी वाजते आणि सर्वांनी, तहान असो वा नसो, मीठ-साखर घातलेले पाणी प्यावयाचे. पहिले तीन दिवस निम्मेच काम, कारण शहरातील शरीरास ऊन अंगवळणी पडावयास अवधी लागतो. दोन खणणाऱ्यांत दोन टिकावांचे अंतर राहिले पाहिजे. दगड उलटावयाचा तो पहारीने, हाताने कधीही नव्हे. त्या डोंगरात दगडाखाली फुरसे किंवा विंचू असण्याचा संभव असतो. कोणास दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे हे सर्व वर्ज्य. रुग्णास हालचाल करू न देता सरळ रुग्णालय गाठावयाचे. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जी उपचारपद्धती रूढ केली, तिच्यामुळे कोकणात व देशावर कितीतरी जीव वाचले. परंतु त्यासाठी रुग्ण वेळेवर डॉक्टरांच्या हाती पडावा लागतो. आणि शेवटचा नियम असा की, तुकडीचा वेग तिच्यातील सर्वांत अशक्त मुलाने ठरवावयाचा, नायकाने नव्हे.

नायक या शब्दाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. नायकाने पुढे उभे राहून हुकूम सोडावेत अशी आमची समजूत होती. डोंगराने ती फार काळ टिकू दिली नाही. नायकाचे खरे काम सकाळी सर्वांच्या आधी आणि रात्री सर्वांच्या नंतर असते. हत्यारांचे दांडे तपासणे, सैल झालेला फाळ ठोकून बसविणे, बोथट टिकाव लोहाराकडे धाडणे, कोणाच्या तळहातास फोड आले आहेत हे न विचारता ओळखणे आणि त्याला एक दिवस स्वयंपाकघरात नेमणे, ही ती कामे होत. स्वयंपाकघर ही शिक्षा वाटू नये म्हणून आम्ही स्वतः पहिल्या दिवशी भाकरी थापावयास बसलो. आमची भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. मुले पोट धरून हसली, आणि त्यानंतर चुलीपाशी बसावयास कोणी कचरले नाही.

चुकीची कबुली नायकाने कशी द्यावी, हेही आम्हांस एका मुलीने शिकविले. चर खणण्यापूर्वी समपातळीची रेषा आखावी लागते. ती एका साध्या लाकडी चौकटीने आखतात. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकास बांधावयाचे, मध्ये एक आडवी काठी, आणि माथ्यापासून दोरीने टांगलेला एक दगड. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजावयाचे. मध्यखूण आम्ही फूटपट्टीने मोजून केली होती आणि गणिताचे शिक्षक असल्यामुळे तिजविषयी आम्हांस शंका नव्हती. त्या रेषेवर चाळीस मीटर चर खणून झाला. अकरावीतील एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, चौकट उलटी फिरवून पाहिली का? डावा पाय उजवीकडे?’ आम्ही फिरवून पाहिली. दोरी खुणेवरून दोन बोटे सरकली. एक बांबू दुसऱ्याहून किंचित वाकडा होता. योग्य रीत अशी की, चौकट एकदा सुलट व एकदा उलट धरून दोन खुणा कराव्यात आणि त्यांच्या मधोमध खरी खूण मानावी. आमचा चर एका अंगास उतरता झाला होता. पहिल्याच मोठ्या पावसात सर्व पाणी त्या टोकास जमून बांध फुटला असता आणि खालच्या शेतात दगडमाती गेली असती.

चाळीस मीटर चर बुजवून पुन्हा आखावयाचा म्हणजे दोन दिवसांचे काम वाया. मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. चूक आमची आहे, असे आम्ही मोठ्याने सांगितले, आणि बुजविण्यासाठी पहिले घमेले स्वतः उचलले. आजतागायत त्या मुलीने चौकट तपासल्यावाचून आमच्या शिबिरात रेषा आखली जात नाही.

आता झाडांविषयी. २०२२ च्या जुलै महिन्यात, पहिल्या दमदार पावसानंतर, आम्ही पुन्हा गेलो आणि तीनशे खड्ड्यांत तीनशे रोपे लावली. करंज, आवळा, सीताफळ, कडुनिंब, शिवण अशी सारी आपल्या मातीत रुजणारी झाडे. छायाचित्रे निघाली, मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालात ‘३००’ हा आकडा ठळक छापला गेला, आणि टाळ्याही झाल्या. मे २०२३ मध्ये आम्ही दुसऱ्या शिबिरासाठी गेलो तेव्हा मुलांकडून जिवंत झाडांची मोजदाद करविली. एकतीस भरली. दोन मुली तेथेच खाली बसून रडू लागल्या. वृक्षारोपणाचा दरवर्षी तोच खड्डा आणि नवे रोप, अशी थट्टा आपण इतरांची पुष्कळ केली आहे. त्या दिवशी थट्टा आपल्यावरच उलटली होती.

आम्ही शेळ्यांना दोष दिला. गावातील एक वृद्धा पंधरा-वीस शेळ्या घेऊन त्याच उतारावर येत असे. आम्ही तिला जरा कडक शब्दांत विचारले. तिने काठीवर हनुवटी टेकवून आमचे सारे बोलणे ऐकले आणि म्हणाली, ‘गुरुजी, तुमी बारा दिस येतासा. माजी शेरडं बाराई महिनं हितंच हायती. त्यास्नी म्या काय सांगू?’

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्यांनी राळेगणसिद्धी किंवा हिवरे बाजार पाहिले आहे, त्यांना चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द माहीत असतात. परंतु तेथे ती बंदी गावाने स्वतःवर घालून घेतली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी ती घातली नव्हती. आम्ही मात्र कोणास न विचारता एका म्हातारीच्या चराऊ रानात खड्डे खणले होते आणि वर तिलाच जाब विचारीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काम बंद ठेवले आणि सबंध तुकडी घेऊन आजींच्या मागून डोंगरभर हिंडलो. त्या एका सकाळी मुले जे शिकली ते आम्ही महिनाभरात शिकविले नसते. कोठे पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढते आणि कोठे कधीच वाढत नाही, पाणी कोठून उतरते, लांडगा कोठून येतो, होल्याची आणि चंडोलाची घरटी कोणत्या मोकळ्या माळावर असतात, हे तिने दाखविले. त्या माळावर झाडे लावणे म्हणजे चंडोलाचे घर मोडणे होय, हे आम्हांस तेव्हा उमगले. उघडी जागा दिसली की ती ओसाड समजावी आणि झाडांनी भरून काढावी, हा शहरी माणसाचा भ्रम आहे. गवताळ माळ हेही एक परिपूर्ण रान आहे. एका उतारावर थांबून ती म्हणाली, ‘हितं लावताय कशापायी? हिवर, बोर मुळातनं फुटल्यात की. निस्ती राखा.’ आम्ही वाकून पाहिले. जुन्या तोडलेल्या खोडांच्या मुळांतून वीतभर फुटवे आले होते. दरवर्षी येत होते आणि दरवर्षी खाल्ले जात होते. ज्याची मुळे आधीच जमिनीत खोल गेलेली आहेत त्यास पाणी घालावे लागत नाही. त्याला केवळ दोन-तीन वर्षे कोणी तोडू नये, एवढेच हवे असते.

त्या संध्याकाळी देवळात गावातील माणसे बसली. मुलेही बसली. बोलणे लांबले, एकदा-दोनदा तापलेही. अखेर असे ठरले की, निम्मा उतार दिवाळीपर्यंत चराईस बंद ठेवावा, निम्मा मोकळा राहावा. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळ्या-मेंढ्यांवर पोट असणाऱ्या घरांचा. आणि राखणीस गावातीलच एक तरुण नेमावा, त्याचा मेहनताना निम्मा मंडळाने, निम्मा गावाने द्यावा. त्या जुलैत आम्ही फक्त ऐंशी रोपे लावली, तीही चरांच्या खालच्या अंगास, जेथे ओल टिकते. २०२३ चा पाऊस माणदेशात फारच थोडा झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या गावास टँकरचे पाणी होते. माणसांस पाणी पुरत नसता रोपांस कोठून द्यावयाचे, असा प्रश्न आम्ही स्वतःच काढला. तेव्हा राखणदार तरुण म्हणाला की भांडी धुतलेले पाणी सात घरांनी आधीपासूनच वेगळे धरून ठेवले आहे. त्या सात घरांत आजींचे एक घर होते.

मे २०२५ मध्ये मुलांनी पुन्हा मोजदाद केली. ऐंशींपैकी सत्तेचाळीस रोपे दोन उन्हाळे काढून उभी आहेत. राखलेल्या उतारावरील हिवर आणि बोर मुलांच्या कमरेस लागत आहेत. ते आम्ही लावलेले नसल्यामुळे मोजले नाहीत. पहिल्या वर्षीच्या एकतीसांपैकी किती उरली, हेही सांगितले पाहिजे : अठरा. म्हणजे चार उन्हाळ्यांत मंडळाच्या खर्चाने लावलेली आणि आज जिवंत असलेली झाडे पासष्ट.

आता एका नाजूक विषयास स्पर्श करून आम्ही समारोप करणार आहोत. गेल्या वर्षीच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला होता की, आपल्या ज्ञातीच्या निधीतून चालणाऱ्या शिबिरात त्या गावची, इतर समाजांची मुले का घेतली जातात. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर देणे आमच्याकडे बाकी आहे. आम्ही तत्त्वज्ञान सांगत नाही; तीच वजाबाकी पुन्हा सांगतो. बारा दिवस आपली मुले असतात, तीनशे त्रेपन्न दिवस त्या गावची असतात. वणव्याच्या दिवसांत धूर पहिल्यांदा त्यांना दिसतो. बांध फुटला तर फावडे घेऊन तीच धावतात. आता तुकडीत निम्मी मुले आपली आणि निम्मी गावची असतात. ती एकाच पंक्तीस बसून पिठले-भाकरी खातात, एकाच कळशीचे पाणी पितात. या गोष्टीने आपल्या मुलांचे काही उणे झाले असे आम्हांस दिसले नाही. उलट, ज्याला पहिल्या वर्षी ऊन लागले होते, तो मुलगा आता प्रत्येक सुट्टीत स्वखर्चाने त्या गावी जातो. राखणदाराच्या घरी उतरतो. आपले मंडळ आपल्या तरुणांस काय देऊ शकते, असे कोणी विचारले तर आम्ही त्या मुलाकडे बोट दाखवू.

कार्यकारी मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, राखणदाराचा मेहनताना शिबिराच्या खर्चातील शिल्लक म्हणून न धरता त्याची स्वतंत्र तरतूद व्हावी. वाटल्यास शिबिराचे दोन दिवस कमी करावेत, परंतु राखणीचा एकही महिना कमी करू नये. दुसरी, पालकांनी मुलांस उन्हाळ्यात जरूर पाठवावे, पण ‘किती काम केलेस’ असे न विचारता ‘कोणाबरोबर केलेस’ असे विचारावे. तिसरी, अहवालाच्या तक्त्यातील प्रश्न बदलावा. ‘एकूण लावलेली झाडे’ हे शब्द काढून ‘तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेली झाडे’ असे शब्द घालावेत. त्यामुळे आकडा लहान होईल आणि टाळ्या कमी पडतील, हे आम्ही जाणून आहो.

चिटणीसमहाशय, ती कोरी ओळ आता भरून घ्यावी. सत्तेचाळीस रोपांचा तिसरा उन्हाळा अजून हिशेबात यावयाचा आहे, म्हणून नव्या प्रश्नाप्रमाणे आज आमचे उत्तर केवळ अठरा एवढेच होते. मे २०२५ च्या मोजदादीनुसार तेवढाच आकडा छापावा अशी आमची विनंती आहे. आजींच्या शेळ्यांचाही अहवालात कोठेतरी उल्लेख व्हावा असे मनात आहे. पण त्यासाठी तक्त्यात जागा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.